न्यू जर्सीत डेक बांधायचा आहे? आधी सर्वे शोधा

इथल्या नव्या वसाहतींमधून फिरताना एक गंमत दिसते. घराच्या मागच्या भिंतीला छान सरकतं काचेचं दार असतं, पण त्याच्याबाहेर पायरीही नसते, ओटाही नसतो. दारावर बाहेरून आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात, कारण चुकून कुणी बाहेर पाऊल टाकलं तर थेट चार फूट खाली. बिल्डरने दार दिलं, बाहेरचा लाकडी ओटा, म्हणजे डेक, तुमचा तुम्ही बांधा! पहिला हिवाळा सरतो, एप्रिलमध्ये गवत हिरवं व्हायला लागतं आणि त्या पट्ट्या डोळ्यांत खुपू लागतात. मग कुणीतरी एखाद्या कंत्राटदाराचा नंबर देतं, तो शनिवारी येऊन टेप लावतो, आकडा सांगतो आणि जाता जाता म्हणतो, "परमिटचं काय, ते बघून घेऊ."

तिथेच थांबा. हा लेख त्या शनिवारच्या आधी वाचण्यासाठी आहे.

मी जे सांगतोय ते न्यू जर्सीपुरतं. बाकीच्या राज्यांत क्रम साधारण हाच असला, तरी खात्यांची नावं, मुदती आणि आकडे बदलतात.

परवानगी एक नाही, दोन आहेत

नवीन माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो. टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, इमारतीत दोन वेगळी टेबलं असतात आणि दोन्हींचे प्रश्न वेगळे असतात.

झोनिंगचं टेबल विचारतं: हा डेक तुमच्या जागेत *कुठे* आणि *केवढा* बसतो? लाकूड कुठलं, खिळे कुठले, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. झोनिंगचे नियम प्रत्येक टाउनशिपचे स्वतःचे. एडिसनचे वेगळे, शेजारच्या वुडब्रिजचे वेगळे. तुमच्या मित्राला पलीकडच्या गावात जे चाललं ते तुम्हाला चालेलच असं नाही. एकाच गावातल्या दोन झोनमध्येही फरक असतो.

बांधकामाचं टेबल विचारतं: हा डेक *उभा राहील का*? इथे मात्र सगळ्या राज्याला एकच नियमावली आहे, युनिफॉर्म कन्स्ट्रक्शन कोड, म्हणजे यूसीसी. तिचा कायदा १९७५ सालचा. घरांसाठी त्यात इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड, बोलीभाषेत आयआरसी, राज्याच्या बदलांसह घेतलेला आहे.

झोनिंग आधी, बांधकाम नंतर. उलटं करायला गेलात तर बांधकामवाले कागद परत देतील, कारण झोनिंगची मंजुरी जोडलेली नसते.

"छोट्या डेकला परमिट लागत नाही," असं तुम्हाला हमखास कुणीतरी सांगेल. त्यात अर्धं सत्य आहे. मूळ आयआरसीत एक सूट आहे: डेक २०० चौरस फुटांपेक्षा मोठा नसावा, कुठेही जमिनीपासून ३० इंचांपेक्षा उंच नसावा, घराला जोडलेला नसावा आणि घराच्या मुख्य बाहेर पडण्याच्या दारासमोर नसावा. चारही अटी एकाच वेळी पाळल्या पाहिजेत. सांगणारा बहुधा पहिली सांगतो आणि उरलेल्या तीन विसरतो. शिवाय न्यू जर्सीने आयआरसीचं प्रशासकीय प्रकरण काढून त्याजागी स्वतःच्या तरतुदी ठेवल्या आहेत, त्यामुळे या सुटीवर विसंबून कुदळ मारू नका. बांधकाम कार्यालयाला एक फोन करा. आणि बांधकामाचं परमिट नको म्हणाले, तरी झोनिंगची परवानगी लागू शकते, हेही त्याच फोनवर विचारून घ्या.

पहिला कागद: सर्वे

गावाकडे जमिनीचं काहीही करायचं तर सातबारा आणि मोजणीचा नकाशा काढतो, तसं इथे सर्वे. परवानाधारक सर्वेअरने काढलेला तुमच्या जागेचा नकाशा: हद्दी, त्यांच्या लांब्या, घर हद्दीपासून किती फुटांवर आहे, ड्राइव्हवे, शेड, कुंपण. बहुतेकांच्या घरखरेदीच्या क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पूर्ण झाला त्या दिवसाच्या, फायलीत तो असतो. शंभर पानांच्या गठ्ठ्यात मागे कुठेतरी दुमडून ठेवलेला. सापडला नाही तर ज्या टायटल कंपनीने क्लोजिंग केलं तिला विचारा. तिथेही नसेल तर टाउनशिपच्या क्लार्ककडे ओप्रा अर्ज करा. ओप्रा म्हणजे ओपन पब्लिक रेकॉर्ड्‌स अ‍ॅक्ट, आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखाच. आधीच्या मालकाने कुंपणासाठी किंवा शेडसाठी अर्ज केला असेल, तर त्याला जोडलेला सर्वे तिथे मिळतो. साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे.

सर्वे हातात आला की तीन गोष्टी बघा.

पहिली, सेटबॅक. महाराष्ट्रात घर बांधलेल्यांना 'सामासिक अंतर' हा शब्द माहीत असेल, तेच हे. बाजूच्या हद्दीपासून किती, मागच्या हद्दीपासून किती फूट मोकळं सोडायचं. तुमचा झोन कोणता हे टाउनशिपच्या झोनिंग नकाशावर कळतं आणि त्या झोनचे आकडे एका तक्त्यात दिलेले असतात. बऱ्याच टाउनशिपांत उघड्या डेकला घरापेक्षा थोडी सवलत असते. मात्र त्याच डेकवर छप्पर घातलंत की ती जाते. कोपऱ्यावरचं घर असेल तर जास्त सावध राहा, कारण दोन्ही रस्त्यांकडच्या बाजू 'पुढची बाजू' म्हणून धरल्या जाण्याची शक्यता असते आणि मागचं अंगण अचानक आक्रसतं.

दुसरी, इझमेंट. सर्वेवर तुटक रेषांनी एखादा पट्टा दाखवलेला असतो. जागा तुमची, पण त्यातून पावसाच्या पाण्याची किंवा सांडपाण्याची लाइन जाते आणि दुरुस्तीला येण्याचा हक्क दुसऱ्या कुणाचा. त्यावर खांब रोवता येत नाही.

तिसरी, कव्हरेज. सगळ्यात जास्त अर्ज मला इथेच अडकताना दिसतात. जागेचा किती टक्के भाग बांधकामाने झाकता येतो याची मर्यादा असते. एक हिशेब मांडून दाखवतो; आकडे उदाहरणादाखल आहेत. जागा ७५ बाय १००, म्हणजे ७,५०० चौरस फूट. मर्यादा २५ टक्के, म्हणजे १,८७५. घर आणि गॅरेज मिळून १,७०० आधीच वापरलेले. उरले १७५. कंत्राटदाराने सुचवलेला १४ बाय १६ चा डेक २२४ चौरस फुटांचा, म्हणजे ४९ फूट जास्त. तोच १२ बाय १४ केला की १६८, आणि अर्ज बसतो. हे गणित दहा मिनिटांचं आहे. ते न करता अर्ज दिला तर तीन आठवडे जातात.

त्यातही मेख अशी की डेक मोजायचा कसा हे प्रत्येक गाव आपापलं ठरवतं. काही ठिकाणी फळ्यांमधल्या फटींतून पाणी खाली मातीत जातं म्हणून डेक 'पाणी न मुरणाऱ्या' क्षेत्रात धरत नाहीत, पण इमारतीच्या क्षेत्रात धरतात. काही ठिकाणी दोन्हींत धरतात. खिडकीवर सरळ विचारा: "उघडा डेक कव्हरेजमध्ये धरता का, आणि कुठल्या?" जुने लोकही हा प्रश्न विचारत नाहीत.

आता सर्वेची प्रत काढा आणि त्यावर पेन्सिलीने, त्याच प्रमाणात, डेक आणि त्याच्या पायऱ्या काढा. पायऱ्या विसरू नका. डेक हद्दीच्या आत आणि पायऱ्या बाहेर, असे नकाशे लोक खरोखर घेऊन जातात. प्रत मोठी-लहान करून काढू नका, प्रमाण बिघडतं.

टाउनहाउस असेल तर असोसिएशन

टाउनहाउसमध्ये (भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत) किंवा असोसिएशन, म्हणजे घरमालकांची संस्था, असलेल्या वसाहतीत राहत असाल, तर तिसरी परवानगीही लागते आणि ती सगळ्यांच्या आधी घ्या. असोसिएशनने मंजूर केलं म्हणजे टाउनशिपने केलं असं होत नाही, आणि टाउनशिपने परमिट दिलं म्हणून असोसिएशनचा विरोध संपत नाही. टाउनहाउसमध्ये आणखी एक भानगड: घरामागची जमीन बऱ्याचदा तुमची नसतेच, ती सामाईक असते. वसाहतीचा मूळ दस्त, म्हणजे मास्टर डीड, वाचा. फळ्यांचा रंग, कठड्याचा नमुना, सगळं ठरवून दिलेलं असतं. आवडो न आवडो.

झोनिंगचा अर्ज

पानभर फॉर्म, डेक काढलेला सर्वे, फी. राज्याच्या म्युनिसिपल लँड यूज कायद्यानुसार झोनिंग अधिकाऱ्याने दहा कामकाजाच्या दिवसांत हो किंवा नाही सांगायचं असतं. घराला सेप्टिक टँक किंवा विहीर असेल, मागे ओढा किंवा पाणथळ जागा असेल, तर आरोग्य खातं वगैरे आणखी मंजुऱ्या निघतात. त्या कोणत्या हे पहिल्याच भेटीत लिहून घ्या.

नकार आला तर वाईट वाटून घेऊ नका. नकाराच्या पत्रात कुठला नियम किती फुटांनी मोडतो हे लिहिलेलं असतं. तेवढा डेक कापून पुन्हा अर्ज द्या. अगदीच जमत नसेल तर व्हेरिअन्स, म्हणजे नियमातून सूट, मागता येतो, पण तो रस्ता लांबचा आहे. झोनिंग बोर्डापुढे सुनावणी होते. तुमच्या जागेपासून २०० फुटांच्या आतल्या सगळ्या मालकांना किमान दहा दिवस आधी नोटीस द्यावी लागते, ती जाहीरपणे प्रसिद्ध करावी लागते, आणि त्या संध्याकाळी उभं राहून 'मला ही सवलत का हवी' हे शपथेवर सांगावं लागतं. फी, नोटिशी आणि गेलेले महिने यांचा हिशेब केला तर दोन फूट डेक सोडून देणं स्वस्त पडतं. जागा विचित्र आकाराची असेल, उताराची असेल, तरच त्या वाटेला जा.

नकाशा: इथे वेळ द्या

स्वतः राहत असलेल्या एका कुटुंबाच्या घराचा नकाशा मालकाला स्वतः काढता येतो. आर्किटेक्टच पाहिजे असं नाही. ग्राफ पेपर, पट्टी आणि दोन रविवार पुरतात. अमेरिकन वुड कौन्सिलची डीसीए ६ नावाची डेकची मार्गदर्शिका फुकट मिळते. त्यात जोडांची चित्रं आणि तक्ते तयार आहेत. ती समोर ठेवून काढलेला नकाशा तपासणाऱ्यालाही ओळखीचा वाटतो.

नकाशात वरून दिसणारा सांगाडा हवा, बाजूने कापलेलं चित्र हवं, आणि घराशी जोड, पाया, पायऱ्या, कठडा यांचे मोठे करून काढलेले तपशील हवेत. प्रत्येक लाकडाचा आकार लिहा. इथे 'दोन बाय आठ' म्हणून विकलं जाणारं लाकूड प्रत्यक्षात दीड इंच बाय सव्वासात इंच असतं, हे लक्षात ठेवून मापं जुळवा.

तपासणारा काय बघतो, ते एकेक सांगतो.

भार. डेक चौरस फुटाला ४० पौंड जिवंत भार, म्हणजे माणसं आणि सामान यांचं वजन, पेलेल असा धरायचा असतो. आपला १६८ फुटांचा डेक म्हणजे ६,७२० पौंड, सुमारे तीन टन. खूप वाटतं ना? गणपतीच्या आरतीला चाळीस माणसं डेकवर आली, सरासरी दीडशे पौंडांची, की ६,००० पौंड झाले. आणि माणसं सारखी पसरून उभी राहत नाहीत; मूर्तीकडे, नाहीतर बार्बेक्यूकडे, एका कडेला गोळा होतात. शिकागोत २००३ च्या जूनमध्ये एका पार्टीत घरामागचा लाकडी पोर्च कोसळून १३ तरुण मुलं गेली. या सगळ्या कागदपत्रांचा कंटाळा येतो तेव्हा मी ती बातमी आठवतो.

घराशी जोड. घराच्या भिंतीला जी आडवी फळी बसते तिला लेजर म्हणतात आणि डेकचा जवळपास अर्धा भार तिच्यावर असतो. लेजर खिळ्यांनी ठोकायचा नाही. अर्धा इंच जाडीचे बोल्ट किंवा लॅग स्क्रू, तक्त्यात दिलेल्या अंतराने, घराच्या चौकटीच्या लाकडात गेले पाहिजेत. भिंतीला बाहेरून विटांचा किंवा दगडाचा मुलामा असेल तर त्यावर लेजर लटकवता येत नाही. त्या विटा शोभेच्या असतात, भार घ्यायच्या नसतात. स्वयंपाकघराची खिडकी भिंतीबाहेर पुढे आलेली असेल तर त्या भागालाही नाही. अशा वेळी घराच्या बाजूलाही खांब घेऊन डेक स्वतःच्या पायावर उभा करतात, आणि खरं सांगायचं तर मला तोच प्रकार जास्त आवडतो. लेजरच्या वर फ्लॅशिंग, म्हणजे पाणी अडवणारी पट्टी, हवंच, नाहीतर पाणी मागे झिरपून घराची चौकट कुजवतं आणि दहा वर्षं कुणाला पत्ता लागत नाही. शिवाय डेक भिंतीपासून ओढला जाऊ नये म्हणून वेगळे धातूचे जोड लागतात. तेही नकाशात दाखवा.

धातू. जमिनीजवळचं लाकूड औषध मुरवलेलं घ्यावं लागतं. पूर्वी त्या औषधात आर्सेनिक असायचं. २००३ च्या शेवटी घरगुती वापरासाठी ते बंद झालं आणि आता तांब्यावर आधारलेली औषधं वापरतात. ती साध्या लोखंडाला खातात. म्हणून स्क्रू, बोल्ट, आडवी लाकडं धरणारे जॉइस्ट हँगर सगळं गरम जस्तात बुडवलेलं किंवा स्टेनलेसचं. नकाशावर तसं लिहा. दुकानात स्वस्त चकचकीत खोके दिसतील, ते घरातल्या कामाचे.

पाया. खांबांखालचे काँक्रीटचे पाये हिवाळ्यात जमीन जिथपर्यंत गोठते त्याच्या खाली गेले पाहिजेत. आमच्या भागात ३६ इंच सांगतात. मॅसॅच्युसेट्समध्ये चार फूट आणि मिनेसोटाच्या उत्तरेला पाच फूट. पुण्या-मुंबईहून आलेल्या माणसाला हे पटकन कळत नाही, कारण आपल्याकडे जमीन गोठतच नाही. मातीतलं पाणी गोठताना फुगतं आणि उथळ पाया वर उचलला जातो. घराचा पाया खोल असल्याने घर जागचं हलत नाही. मग डेक एका बाजूने वर आणि दुसऱ्या बाजूने तिथेच, असा पिळतो.

कठडा आणि पायऱ्या. डेक जमिनीपासून ३० इंचांपेक्षा उंच असेल तर कठडा सक्तीचा, किमान ३६ इंच उंच. गजांमधून चार इंचांचा गोळा जाता कामा नये. रांगत्या बाळाचं डोकं अडकू नये हा हेतू. मूळ आयआरसीत पायरीची उंची जास्तीत जास्त पावणेआठ इंच आणि पाय ठेवायची जागा किमान दहा इंच; राज्याचे आकडे वेगळे असू शकतात, ते कार्यालयात विचारून घ्या. जिन्याची रुंदी किमान ३६ इंच. सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या हव्यात. तीन अष्टमांश इंचापेक्षा जास्त फरक चालत नाही. चार किंवा जास्त चढण्या असल्या की हाताने धरायची दांडी, ३४ ते ३८ इंच उंचीवर. आणि ती मुठीत मावली पाहिजे. वरची सपाट दोन-बाय-सहाची फळी म्हणजे दांडी नव्हे. आमच्याकडे अंतिम तपासणी एकदा यावरूनच अडली.

हॉट टब बसवायचा विचार मनात असेल तर तो आत्ताच सांगा. चारशे गॅलन पाण्याचंच वजन तेहतीसशे पौंडांच्या पुढे जातं आणि वरचे सगळे तक्ते निरुपयोगी होतात. तिथे इंजिनिअर लागतो.

बांधकामाचा अर्ज

न्यू जर्सीत सगळीकडे एकच फॉर्म चालतात. एफ १०० हा मुख्य अर्ज, एफ ११० इमारतीचा तांत्रिक भाग. डेकवर दिवे किंवा प्लग हवे असतील तर विजेचा एफ १२०. ग्रिलसाठी गॅसची लाइन ओढणार असाल तर तेही आत्ताच विचारा. सोबत नकाशाच्या प्रती, झोनिंगची मंजुरी, सर्वे. काही टाउनशिपांनी हे सगळं ऑनलाइन केलंय, काही अजून जाड पुठ्ठ्याची घडी हातात देतात. पूर्ण अर्ज दिल्यावर वीस कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यायचा असतो. 'पूर्ण' या शब्दावर जोर आहे.

कामाचा अंदाजे खर्च खरा लिहा. फी वाचवायला निम्मा आकडा टाकायचा मोह होतो, आणि त्या खिडकीमागची बाई रोज दहा डेक बघते.

कंत्राटदाराचं. न्यू जर्सीत घरदुरुस्तीची कामं करणाऱ्याची राज्याच्या कन्झ्युमर अफेअर्स खात्याकडे नोंदणी लागते. त्याचा क्रमांक '१३ व्हीएच' ने सुरू होतो आणि खात्याच्या साइटवर तपासता येतो. ५०० डॉलरच्या वरचं काम असेल तर करार लेखी हवा आणि त्याची प्रत मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही तो रद्द करू शकता. करारात 'परमिट कंत्राटदार काढेल' आणि 'शेवटचा हप्ता अंतिम तपासणी पास झाल्यावर' ही दोन वाक्यं असू द्या. दुसऱ्या वाक्यावरून कुरकुर होईल, होऊ द्या.

"परमिट तुम्ही मालक म्हणून काढा, स्वस्त पडतं," असं कुणी म्हणालं तर कान टवकारा. मालक म्हणून अर्ज करताना तुम्ही 'हे काम मी स्वतः करतो किंवा माझ्या देखरेखीखाली होतं' अशा अर्थाची सही करता. काही चुकलं की जबाबदार तुम्ही. स्वतः हातोडी घेऊन बांधणार असाल तर ती सही जरूर करा. दुसऱ्यासाठी करू नका.

परमिट मिळालं की ते रस्त्यावरून दिसेल असं खिडकीत लावतात. वर्षभरात काम सुरू झालं नाही, किंवा सुरू होऊन सहा महिने थांबलं, तर ते बाद होतं.

कुदळ मारण्याआधी ८११

खोदण्याआधी जमिनीतल्या लाइन दाखवून घेण्यासाठी ८११ हा साऱ्या देशाचा नंबर आहे, २००७ पासून. फोन फुकट. न्यू जर्सीत खोदण्याच्या किमान तीन पूर्ण कामकाजाचे दिवस आधी कळवावं लागतं, पण दहा कामकाजाच्या दिवसांपेक्षा आधी नाही. मग एकेक कंपनीची माणसं येऊन गवतावर रंग मारून जातात: लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, नारिंगी फोन-केबल, निळा पिण्याचं पाणी, हिरवा सांडपाणी. मागचं अंगण धुळवडीनंतर दिसतं तसं दिसतं. पावसाने पुसायच्या आत फोटो काढा.

ते फक्त कंपन्यांच्या लाइन दाखवतात. तुमचे स्प्रिंकलरचे पाइप, शेडकडे नेलेली वायर, आधीच्या मालकाने कुत्र्यासाठी जमिनीत पुरलेली तार, हे तुमचं तुम्हाला शोधायचं.

तपासण्या

तपासणी मागायची असते. ती आपोआप होत नाही. किमान २४ तास आधी कळवायचं, आणि मागणीनंतर तीन कामकाजाच्या दिवसांत त्यांनी यायचं.

पहिली तपासणी उघड्या खड्ड्यांची. काँक्रीट ओतण्यापूर्वी. इन्स्पेक्टर टेप खाली सोडतो, खोली बघतो, तळाची माती घट्ट आहे का बघतो. कंत्राटदाराची माणसं सकाळी सातला खड्डे खणून दहाला ट्रक बोलावतात, आणि इन्स्पेक्टर दोनला येतो. ओतलेलं काँक्रीट उकरून काढायला लावलेलं मी शेजारी पाहिलंय. आमच्या वेळी रात्रभर पाऊस पडला आणि सकाळी पाच खड्ड्यांत पाच विहिरी. बादलीने पाणी उपसून, चिखल खरवडून पुन्हा तारीख घेतली. खड्डे खणल्यावर प्लायवूडने झाका, पावसासाठीही आणि पोरांसाठीही.

दुसरी सांगाड्याची. लेजरचे बोल्ट, हँगरमधला प्रत्येक खिळा, फ्लॅशिंग. डेक बुटका असेल तर वरच्या फळ्या बसवण्याआधी बोलवा, खाली सरपटत जाऊन बघणं त्याचं काम नाही. तिसरी अंतिम. दिवे असतील तर विजेची तपासणी वेगळी, दुसरा माणूस.

मंजूर नकाशाची शिक्का मारलेली प्रत जागेवर ठेवा. ती नसेल तर काही जण गाडीतून उतरतही नाहीत. नापास झालात तर कारण लिहून देतात, ते दुरुस्त करायचं आणि पुन्हा बोलवायचं. वाद घालायचा असेल तर कलम कुठलं ते नम्रपणे विचारा. ओळख काढणं, 'काही जमेल का' असं सुचवणं इथे चुकूनही नको. मी साधा चहा विचारला तर त्यांनी हसून हातातली पाण्याची बाटली दाखवली.

कामात बदल करायचा ठरला, जिना उजवीकडून डावीकडे न्यायचा म्हटलं तरी, आधी सुधारित नकाशा द्या.

अंतिम तपासणी पास झाली की सर्टिफिकेट निघतं. आपल्याकडच्या भोगवटा प्रमाणपत्राचा हा धाकटा भाऊ. ते हातात पडल्याशिवाय परमिट 'उघडं' राहतं, आणि उघडं परमिट घर विकताना वर येतं. तोवर कंत्राटदाराने फोन उचलणं बंद केलेलं असतं.

करवाढीचंही विचारतात लोक. परमिटची माहिती असेसरकडे, म्हणजे करासाठी घराचं मूल्य ठरवणाऱ्याकडे, जाते आणि डेकपोटी मूल्यांकन थोडं वाढू शकतं. ती भीती घालून बिनपरमिटचं काम गळ्यात मारणारे भेटतील.

डेक आधीच असलेलं घर घेताय?

मग क्लोजिंगच्या आधीच ओप्रा अर्ज करून त्या पत्त्यावरची सगळी परमिटं मागवा. डेक उभा आहे पण कागद नाही, असं निघालं तर विकणाऱ्याकडून क्लोजिंगपूर्वी नियमित करून घ्या. नंतर ते तुमच्या गळ्यात येतं, आणि पाया किती खोल हे दाखवायला खांबाशेजारी खणावं लागतं.

वेळेचा हिशेब

झोनिंगचे दहा कामकाजाचे दिवस, बांधकामाचे वीस, ८११ चे तीन, प्रत्येक तपासणीचे तीनपर्यंत, मध्ये एखादा परत आलेला अर्ज आणि मेच्या शेवटची लांब सुटी. असोसिएशन असेल तर तिची महिन्यातून एकदा होणारी सभा. गणपतीची आरती डेकवर व्हावी असं वाटत असेल, तर सर्वे शोधायला क्लोजिंगची फाइल मार्चमध्येच उघडा. कंत्राटदारांच्या तारखा मेपर्यंत भरून जातात, आणि परमिट हातात असलेल्या गिऱ्हाइकाला ते आधी घेतात.